रघुवीरकाकांनी सोडलेले पेन्स

शनिवारी आमच्या दुकानात जे झालं ना, ते अजून डोक्यातून जात नाहीये. भराभर टाइप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी थोडं मागचं. आमचं गाव हेदरले, इंग्लंडमध्ये, लीड्सहून बसने अर्धा तास. मी पुष्कर, मूळचा नागपूरचा. शाळेत असतानाच आईबाबांबरोबर इकडे आलो. कॉलेज काही जमलं नाही. कोडिंग शिकलो ते गावातल्या लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर. फुकट, वर हीटिंग चालू! आता रघुवीरकाकांच्या किराणा दुकानात काम करतो आणि मंगळवारी त्याच लायब्ररीत पोरांना कोडिंग शिकवतो. आठवड्यातला माझा सगळ्यात भारी दिवस तोच.

तर कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने सांगितलं, पैसे नाहीत, लायब्ररी बंद करावी लागेल.

तिथली लायब्रेरियन सान्वी. लीड्सला जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं पण बिनधास्त. दुकानात धावत आली. "पुष्कर, माझा लायब्ररी जाणार! काहीतरी कर ना!"

आणि माझ्या डोक्यात एकदम आलं. टॅक्स! आपणच लावू!

म्हणजे खरा टॅक्स नाही. या देशात आटा-डाळीवर व्हॅट नाही आणि किराण्यावर स्वतःचा टॅक्स लावायचा अधिकार कौन्सिलला नाही. पण दुकानांनी गिऱ्हाइकांकडे मागायला कोण अडवतंय? बिलाच्या प्रत्येक पौंडामागे एक पेनी, लायब्ररीसाठी. ज्याला नको त्याने नाही म्हणायचं. मी बेकरीवाल्याला विचारलं, खाटकाला विचारलं, कोपऱ्यावरच्या पोलिश दुकानाला विचारलं. सगळे हो म्हणाले! काकाही हो म्हणाले.

कौन्सिलची ऑफिसर आली, तिने ऐकून घेतलं. म्हणाली, दोन आठवडे करून दाखवा. लोक खरंच देतायत हे मला दिसलं पाहिजे. प्रत्येक दुकानाच्या टिलवर, म्हणजे बिल करायच्या मशीनवर, जेवढी पेनी लागली, तेवढे पैसे शनिवारी संध्याकाळी जमा झाले पाहिजेत. मग ही पेनी पुढेही चालू ठेवायची, तेवढेच कौन्सिल घालेल आणि लायब्ररी वर्षभर चालेल. एक जरी दुकान कमी पडलं तर विषय संपला.

टिलचा प्रोग्रॅम मीच बदलला. बिलाच्या खाली एक ओळ, 'लायब्ररी'. नाही म्हणणारं जवळजवळ कोणी निघालंच नाही! मी हवेत होतो नुसता.

शुक्रवारी टिलचा हिशोब कार्ड मशीनशी लावून बघितला. टिल म्हणतंय एवढे पेन्स आले. मशीनमध्ये जवळपास काहीच नाही.

झालं काय होतं, आमचं कार्ड मशीन टिलला जोडलेलं नाही. आकडा काका हाताने टाकतात. आणि काकांची सवय! बिल एकतीस पौंड चाळीस पेन्स झालं की मशीनमध्ये एकतीस. "राहू दे हो वरचे पेन्स." सांगलीच्या बाजारात त्यांच्या वडिलांनी हेच केलं, काकांनी इथे तेच केलं. सगळ्यांना. आणि माझी लायब्ररी नेमकी त्या वरच्या पेन्समध्येच होती!

"काका, अहो, तुम्ही लायब्ररी सोडून देताय!"

"मी काय सोडलं? चिल्लर सोडली."

"तीच लायब्ररी आहे!"

काकांनी मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, "किती कमी पडतायत? मी भरतो माझ्या खिशातून."

"नाही ना चालणार. लोक देतात का, हेच तर दाखवायचंय. तुम्ही भरलेत तर ते खोटं होईल."

"मग काय करू? उद्या बायकांना म्हणू, थांबा, चाळीस पेन्स काढा? पुष्कर, मला नाही जमणार. ऐक माझं, मला ते तोंडातून निघणारच नाही."

रात्री झोप नाही. सान्वीला मेसेज टाइप केला, डिलीट केला.

शनिवार. शेवटचा दिवस. दुपारी दुकान भरलेलं, रांग पार तांदळाच्या पोत्यांपर्यंत. पुढे अनुराधामावशी. लीड्सच्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या नर्स, मूळच्या पुण्याच्या, आणि गावात भाव करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. बिल झालं अठ्ठावीस पौंड छत्तीस. काकांनी मशीनमध्ये अठ्ठावीस टाकले. "राहू दे हो वरचे."

माझ्याच्याने राहवलं नाही. "काका, ती लायब्ररी आहे!"

सगळं दुकान बघायला लागलं. काकांचे कान लाल.

मावशींनी विचारलं, "काय रे, लायब्ररीचं काय?"

सांगून टाकलं सगळं. मशीन, टिल, वरचे पेन्स. सगळं.

"म्हणजे दोन आठवडे मी लायब्ररीला दमडी दिली नाही?" मावशींचा आवाज चढला. "आणि मी भिशीत मिरवतेय, आम्ही लायब्ररी चालवतो म्हणून! रघुवीर, माझी इज्जत घालवलीस तू! छत्तीस पेन्स घे आधी."

"मावशी, राहू दे ना."

"मागचे पण घे. दोन पौंड घे."

"दोन? छे छे! नाहीच घेणार."

"बरं, पावणेदोन."

"मावशी, पन्नास पेन्सच्या वर एक पेनी घेणार नाही."

"दीड. बघ, परवडत असेल तर बोल. नाहीतर मी चालले पोलिश दुकानात!"

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, आमचे पण घ्या!" नीना, आमची रोजची गिऱ्हाईक, बाळाला कडेवर घेऊन पुढे घुसली. "माझे तर कधीच घेतले नाहीत तुम्ही. एक पौंड, फायनल."

"साठ पेन्स," काका म्हणाले. घाम फुटला होता त्यांना!

"नव्वद!"

"सत्तर. आणि मुलाला बिस्कीट माझ्याकडून."

मी मोठ्याने हसत होतो. आयुष्यात असा बाजार बघितला नव्हता. गिऱ्हाईक भाव चढवतंय, दुकानदार पाडतोय! मावशींनी तिथेच उभं राहून गावातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, आणि त्यांचा आवाज म्हणजे आवाज. "रघुवीरने तुमचे पेन्स सोडलेत. पाचच्या आत येऊन द्या. लाज बाळगा." आणि लोक आले! कोणी मॅचचा टी-शर्ट घालून, कोणी पोराला पोहायला सोडून. एक आजोबा फक्त अकरा पेन्स द्यायला बसने आले.

चारच्या सुमाराला काका थकून खुर्चीवर बसले. पुढचं गिऱ्हाईक आलं, एक गोरे काका, रोज दूध घेणारे. रघुवीरकाकांनी आकडा टाकला. पेन्ससकट. माझ्याकडे बघितलंही नाही. पण टाकला! पहिल्यांदा!

पाचला ऑफिसर आली. टिलचा रिपोर्ट एका हातात, जमा पैशांचा दुसऱ्या. दोनदा तपासलं. म्हणाली, थोडे जास्तच आहेत. मी म्हटलं, जास्त चालतील ना? ती हसली. बेकरी, खाटीक, पोलिश दुकान, सगळे आधीच बरोबर होते. म्हणजे झालं. एक वर्ष. तिने तिथेच सही केली, आमच्या काउंटरवर, मसाल्याच्या डब्यांशेजारी.

मी एप्रनसकट पळत सुटलो. लायब्ररी बंद व्हायला पाचदहा मिनिटं होती. दार ढकललं आणि बोंबललो, "सान्वी! झालं! वर्षभर!"

सान्वी पुस्तकं लावत होती. आधी ओठांवर बोट ठेवलं. "शू! इथे ओरडायचा नाही!"

मग तिच्या डोक्यात शिरलं मी काय म्हणालो ते. हातातली पुस्तकं धाडकन खाली पडली आणि ती माझ्यापेक्षा जोरात ओरडली.