घरचं परमिट

आमचे हे, म्हणजे सुहास, पोलादपूरला हायवेच्या कडेला गाड्यांच्या पत्र्याचं काम करतात. हात सोन्याचा, पण स्वभाव इतका भिडस्त की गिऱ्हाईक 'घाई हाय' म्हणालं की संपलं. गेल्या वर्षी असंच कुणाच्या घाईपायी गाडी न उघडता वेल्डिंग मारलं. पत्र्यामागं उंदरांनी पेंढ्याचं घर केलेलं. ते पेटलं आणि ह्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दीड महिना मी घास भरवले. भरवताना शिव्याही दिल्या, खोटं कशाला बोलू.

मी बिरवाडीजवळच्या कंपनीत फायर वॉचला आहे. वेल्डर काम करतो तेव्हा पाणी घेऊन शेजारी उभं राहायचं आणि ठिणगी कुठं पडते ते बघायचं, हे माझं काम. तिथं परमिटवर सही झाल्याशिवाय मोठा साहेबसुद्धा ठिणगी पाडू शकत नाही. मग घरीच मोकाट का? हात बरा झाल्यावर मी वहीत ह्यांना परमिट लिहून दिलं. बॅटरी काढली का, पेट्रोलची टाकी उतरवली का, सीटा आणि कार्पेट बाहेर का, पत्र्यामागं हात घालून बघितलं का. मी येऊन बघणार, सही करणार, शेजारी उभी राहणार, मगच मशीन चालू. बाजारात लोक म्हणाले, सुहास बायकोला विचारून श्वास घेतो. म्हणोत बापडे.

परवा माझी पाळी तीनला सुटायची, पण बदलीची बाई आलीच नाही. फोन आत नेऊ देत नाहीत. पाचला बाहेर येऊन बघते तर शेजारच्या शर्मिलाचा मेसेज. मुंबईचा येसाजी गाडी घेऊन आलाय, उद्या आईला घेऊन परत निघायचंय, आणि पत्रा आजच जोडून दे म्हणून सुहासभाऊंच्या मागं लागलाय. मी फोन लावला, हे उचलेनात. येसाजी ह्यांचा लहानपणचा दोस्त, त्याला हे नाही म्हणतील? एसटीत बसून पोलादपूर येईपर्यंत मी मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडत होते. मधेच देवाला सांगत होते, गॅरेज जाऊ दे, माझा माणूस राहू दे.

पोचले तर गॅरेजात सगळं गपगार. गाडी फोडलेल्या फणसासारखी उघडी. सीटा बाहेर, बॅटरी बाहेर, टाकी लांब नेऊन ठेवलेली, बादल्या भरलेल्या, पोती भिजवलेली. हे स्टुलावर बसलेले आणि येसाजी येरझाऱ्या घालतोय.

"वयनी, दोन तास झाले," येसाजी वैतागून म्हणाला. "म्हटलं मी उभा ऱ्हातो बादली घेऊन, तरी हा हलत नाय."

मी पदर खोचून गाडीत शिरले. मागच्या चाकावरचा गंजलेला पत्रा जोडायचा होता. नेमका त्याच्याच आतल्या बाजूला लाल फडक्याचं गाठोडं बांधलेलं.

"आणि ह्ये?"

"देवाचं हाय त्ये," येसाजी म्हणाला. "आयेनं बांधलंय. त्याला हात कसा लावायचा?"

ह्यांनीही मान डोलावली. दोन बाप्यांनी अख्खी गाडी उचकटली, पण देवाला 'सरक' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. मी हात जोडले, "देवा, जरा भायेर बस" म्हटलं आणि गाठ सोडली. आत सुकं खोबरं, कापसाच्या वाती आणि कापराच्या तीन पुड्या.

ह्यांनी एकदा कापराकडे बघितलं, एकदा त्या पत्र्याकडे, आणि आपला भाजलेला हात दुसऱ्या हातानं धरला.

माझ्या तोंडात दोघांसाठी बरंच काही आलं होतं. पण आधी विचारलं, "फोन का नाय उचलला?"

"उचलला असता तर तू बोलली असतीस, 'दमलेय, करा तुमचं तुमी'," हे खाली बघत म्हणाले.

"मग येसाजी उभा ऱ्हात होता ना? का नाय केलंत?"

"तो गाडीकडं बघल गो. माझ्याकडं कोन बघल?"

मला रडूच आलं. येसाजीसमोर काय रडायचं, म्हणून वहीत सही केली, बादली उचलली आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला जाऊन बसले.

"मारा आता," मी म्हटलं. "मी हाय."