घरातलं अनेकवचन

ऑफिसात तिला समोर सगळे ताई म्हणत आणि मागून ‘अनेकवचन’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. शास्त्रीय विषयांची इंग्रजी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत ती प्रुफं तपासायची, आणि लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांची अनेकवचनं ही तिची खास जागा होती. फंगसचं फंजाय होतं, पण व्हायरसचं ‘व्हायराय’ होत नाही. पुस्तकाच्या शेवटी जोडतात ती अपेंडिसीज, सर्जन कापून काढतो ती मात्र अपेंडिक्सेस. कुणाचं अडलं की टेबलांच्या रांगेतून हाक यायची, ती मान वर न करता उत्तर द्यायची आणि बोलणं तिथेच संपायचं. दिवसाकाठी तिच्या वाट्याला बहुधा एवढंच बोलणं यायचं.

लग्न तिने केलं नव्हतं. आई होती तोवर घरात दोन माणसांचा वावर होता. आई गेल्यावर तिने रेडिओ लावून पाहिला. पण बातम्या सांगणारा चुकला की तिला दुरुस्त करावंसं वाटायचं आणि ऐकायला कुणी नसायचं, म्हणून तोही बंद झाला. धाकटी बहीण दुसऱ्या गावी होती. रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, गुडघा कसा आहे, अशी विचारपूस व्हायची आणि मागे तिच्या घरातला गलका ऐकू यायचा. फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्तच रिकामं वाटायचं.

त्या वर्षी तिच्याकडे घरात कॅक्टस कसे वाढवावेत यावरचं एक पुस्तक आलं. लेखक निवृत्त प्राध्यापक होते, उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलेला. लिहिलं होतं झकास, पण एक गोष्ट पानोपानी खटकत होती. मराठीत कॅक्टस एक असो की पन्नास, शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत हलतो, आणि सरांनी सगळीकडे ‘कॅक्टसेस’ लिहिलं होतं. संस्थेचा नियम स्पष्ट होता, शास्त्रीय पुस्तकात लॅटिन वळणाचंच रूप घ्यायचं. तिने एकूण एक कॅक्टसेस खोडून ‘कॅक्टाय’ केलं आणि प्रुफं सरांकडे पाठवून दिली.

चार दिवसांनी दुपारी फोन आला. हे कुणी केलं, असं सरांनी विचारलं. मीच केलं, असं सांगून तिने नियम ऐकवला आणि मूळ शब्द लॅटिनमधल्या कुठल्या गटातला हेही सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, वर्गात तेही आयुष्यभर कॅक्टायच म्हणत आले होते.

“मग हरकत कसली, सर?”

“आमची ही ऐकत नाही,” ते म्हणाले.

त्यांच्या बायकोला वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही. घरातले सगळे कॅक्टस तिनेच लावलेले, पुस्तकातली निम्मी माहितीही तिचीच. सर रोज दुपारी तिला प्रुफं वाचून दाखवत. पहिल्या पानावर कॅक्टाय आलं तेव्हा तिने डावा हात वर केला. त्यांना वाटलं, पाणी हवंय. पुढच्या ओळीत पुन्हा तेच झालं. मग ते थांबून तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा एकेक अक्षर ओढत ती ‘कॅक्टसेस’ म्हणाली. झटका आल्यापासूनचा तिचा तो पहिला धड शब्द होता.

“डॉक्टर सांगतात, त्यांना बोलतं करा,” सर म्हणाले. “आता ती बोलली, तर मीच तिला चूक म्हणू? कॅक्टाय म्हटलं की मला वर्ग दिसतो हो. ती म्हणते ते घरातलं आहे.”

बघते, एवढंच म्हणून ताईने फोन ठेवला.

डिक्शनरीत दोन्ही रूपं होती. ते तिला आधीपासूनच माहीत होतं, तरी तिने पान काढून पुन्हा पाहिलं आणि मग संपादकांच्या केबिनमध्ये गेली. संपादकांनी तिचं ऐकलं आणि चष्मा कपाळावर चढवला. मालिकेतल्या आधीच्या पुस्तकांत कॅक्टाय आहे, उद्या कुणी बोट ठेवलं तर काय सांगणार, असं ते म्हणाले. वर हसून विचारलं, “नियम तर तुम्हीच बनवलेला ना, ताई?”

“हो,” ती म्हणाली. “म्हणूनच तो मोडायची परवानगी मागायला आले.”

इतक्या वर्षांत तिने काही मागितल्याचं त्यांना आठवत नसावं. निस्तरायचं तुम्हीच, असं बजावून त्यांनी होकार दिला.

पण एका शब्दाला सूट मिळाली की बाकीचेही रांग लावतात. रोज दुपारी सरांचा फोन यायला लागला. त्यांच्या बायकोला ताई आता वहिनी म्हणू लागली होती. जीनस म्हणजे वनस्पतींची प्रजाती, तिचं जेनेरा वहिनींनी बिनतक्रार चालवून घेतलं. फंजायलाही त्यांची ना नव्हती, कारण मुळं कुजवणारी बुरशी म्हणजे शत्रूच आणि शत्रूला काहीही म्हणावं. टेरेरियाला मात्र हात वर झाला. काचेच्या बरण्यांत त्यांनी स्वतः लावलेली ती इवलीशी बाग, तिला असलं परकं नाव कशाला? टेरेरियम्स ठरलं. ताई डबा लवकर उरकून फोनपाशी बसू लागली. आज कुठलं अनेकवचन, असं शेजारचे चिडवायचे आणि तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. एकदा सरांनी फोन वहिनींच्या कानाला लावला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, आणि मग जड जिभेने कुणीतरी ‘ताई’ म्हणालं.

पुस्तक छापायला गेलं आणि फोन थांबले. थांबणारच होते, कामच संपलं होतं. तरी दुपार झाली की तिचं लक्ष टेबलावरच्या फोनच्या कोपऱ्याकडे जायचं. एकदा तिनेच फोन केला. पुढच्या आवृत्तीत इंडेक्सेस म्हणायचं की इंडिसीज, असं काहीतरी विचारलं. त्या पुस्तकाला एकच सूची होती. सर नीट बोलले, पण वहिनींचा व्यायाम करून घेणारी बाई आली होती, म्हणून त्यांनी घाईने निरोप घेतला. ताई चहाचा कप धुवायला गेली आणि तो कितीतरी वेळ धूत राहिली.

छापील प्रती आल्या तेव्हा लेखकाची प्रत कुरिअरने न पाठवता ती स्वतः घेऊन गेली. दार सरांनी उघडलं. त्यांनी चेहरा ओळखला नाही, ती बोलल्यावर लगेच ओळखलं. आत खिडक्यांच्या कट्ट्यांवर, कपाटांवर, फ्रिजवरसुद्धा कुंड्या होत्या. वहिनी उजेडाकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. सरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी तिलाच वाचायला सांगितलं. आई गेल्यापासून तिने कुणाला काही वाचून दाखवलं नव्हतं. पहिल्या पानावर कॅक्टसेस आलं. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. पान संपलं तेव्हा म्हणाल्या, “अजून.”

मग ती दर शनिवारी जायला लागली. वहिनींचे शब्द वाढत गेले. एकदा तर त्यांनी सरांना ‘गप्प’ म्हटलं आणि तिघंही हसली. त्या दिवशी घरी आल्यावर कुलूप उघडताना आपण गुणगुणतोय हे ताईच्या लक्षात आलं.

पुढे सरांची मुलगी आली आणि दोघांना आपल्या गावी घेऊन गेली. कुंड्या शेजाऱ्यांत वाटल्या गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी ऑफिसात फोन केला, स्थिरस्थावर झालो की नवा नंबर कळवतो म्हणाले. नंबर आला नाही. म्हाताऱ्या माणसांना नव्या घरात बस्तान बसवायला वेळ लागतो, अशी तिने मनाची समजूत घातली. चौकशी का करत नाहीस, म्हणून बहिणीने फोनवर विचारलं. मानधनाच्या कागदांवरचा नवा पत्ता ऑफिसात मिळाला असता. पण मागितला असता तर कशाला हवा ते सांगावं लागलं असतं, आणि पुस्तक तर केव्हाच निघालं होतं. तिने विषय बदलला.

हिवाळ्यात घरी मासे पाळण्याबद्दलचं एक पुस्तक तिच्याकडे आलं. लेखकाने नियमाबरहुकूम ‘अ‍ॅक्वेरिया’ लिहिलं होतं. तिने ते हळू आवाजात म्हणून पाहिलं, मग ‘अ‍ॅक्वेरियम्स’ म्हणून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने काही हवंय का, असं विचारलं.

“नाही गं,” ताई म्हणाली. “बैठकीच्या खोलीत कसं ऐकू येईल ते बघत होते.”

मुलीला काही कळलं नाही, पण ती कामाला लागली. ताईने अ‍ॅक्वेरिया खोडलं आणि संपादकांना काय सांगायचं ते मनात जुळवायला घेतलं.

उरलेली पानं ती घरी घेऊन गेली. भाजी शिजत टाकून ओट्यापाशी उभ्याउभ्याच मोठ्याने वाचू लागली. स्वतःचाच आवाज आधी तिला परका वाटला, मग जमला. वाचण्याच्या नादात भाजी खाली लागली. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि जिथे थांबली होती ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.