नवव्या दिवसाचा कीमा

संयोगिताने सहा वाट्यांत परतलेला कीमा वाढला, प्रत्येक वाटीशेजारी एक फॉर्म ठेवला आणि ती दाराकडे बघत उभी राहिली. कुणीच आत येईना.

आज श्रावणी सोमवार. महादेवपुऱ्यातल्या या मटण-चिकनच्या कंपनीत चव बघणारे सहाही जण हात जोडून मोकळे झाले होते. शनिवारी भरलेल्या पाकिटांना नऊ दिवस सोमवारी पूर्ण होणार, हे सांगायला काही ज्योतिषी लागत नव्हता. तिने जंतू मोजले, फ्रिजचं तापमान मोजलं, वार तेवढा बघितला नाही. स्वतःच्याच मुस्काटात मारावी असं तिला झालं.

दोन वर्षं ती सर्जापूर रोडवरच्या ज्यूसवाल्यांकडून डाळिंबाच्या साली गोळा करत होती. त्या चिरायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि चिमूट चिमूट कीम्यात मिसळायच्या. रसायन नको, सालीनेच मांस टिकावं, एवढाच तिचा हट्ट. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी सगळ्यांनी फॉर्मवर 'छान' लिहिलं होतं. आज नववा दिवस पार पडला नाही तर उद्यापासून पुन्हा जुनं रसायन, असं पुण्याहून आलेला तिचा साहेब सुशांत सकाळीच बजावून गेला होता. आणि करणाऱ्याने स्वतः चाखायचं नाही, हा नियम तिचाच.

शेवटी तिने लॅब पुसणाऱ्या गंगव्वाला हाक मारली. गंगव्वा शनिवार पाळायची. सोमवारी तिला काही वर्ज्य नव्हतं. मागच्या दोन्ही वेळी उरलेला कीमा तिनेच संपवला होता. तिने वाटी नाकाशी नेली, घास घेतला आणि सावकाश चावला.

"वास नाही अक्का. ताजाच आहे."

संयोगिताचा जीव भांड्यात पडला.

"स्वल्प तुरट लागतो, तेवढंच. मागंबी लागला होता."

"मागे? मग बाकीच्यांना कसा नाही लागला?"

"लागला की. बाहेर जाऊन चूळ भरत होते सगळे. साली चिरून तुमची बोटं काळी पडलेली, तोंडावर कोण बोलणार?"

संयोगिता भयंकर चिडली. त्या सहा जणांवर आणि त्याहून जास्त स्वतःवर. दोन वर्षांत तिने एक घास तोंडात घातला नव्हता.

काचेपलीकडून सुशांतने भुवया उडवून, काय झालं म्हणून विचारलं.

गंगव्वाने फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"मला कुठं लिहिता येतं अक्का? तुम्हाला पाहिजे ते लिहा."

संयोगिताने पेनचं टोपण काढलं. चवीच्या रकान्यात 'तुरट' असं लिहिलं आणि फॉर्म घेऊन ती सुशांतकडे निघाली.