आडव्या रेषा

"डॉक्टरबाई, तो स्क्रीन जरा इकडे फिरवा," मी म्हणालो.

आमची ही तिकडे तोंड करून बसलेली, उघड्या पाठीवर सोनोग्राफीचा गार जेल. स्क्रीनवर पांढऱ्या आडव्या रेषा, एकीखाली एक, सारख्या अंतरावर. फुप्फुसात रेषा? आणि बाई म्हणतात, सगळं छान आहे! मी न्हावी माणूस. दिवसभर लोकांच्या थापा ऐकतो. मला कोण गंडवणार?

"काका, खरी रेषा वरची एकच. ते फुप्फुसाचं आवरण. आत हवा आहे, म्हणून आवाज तिथून उलटा फिरतो, माझ्या हातातल्या यंत्रावर आपटतो आणि परत जातो. पुन्हा उशिरा आला की मशीनला वाटतं, खोलवरून आला. ते खाली आणखी एक रेघ ओढतं. तुमच्या दुकानात समोरासमोर आरसे आहेत ना?"

"आहेत की."

"त्यात गिऱ्हाईकं किती दिसतात?"

"रांगच लागते. खुर्चीत मात्र एकच."

"तसंच हे. खालच्या रेषा खोट्या, पण चांगल्या. पाणी साचायला लागलं की त्या पुसल्या जातात आणि वरून खालपर्यंत उभे पांढरे झोत दिसतात."

पुढच्या खेपेलाही आडव्याच दिसल्या, तर हिला लेकीच्या बाळंतपणाला जायची परवानगी मिळणार होती. हिने घरी येताच माळ्यावरून बॅग काढली. मी दुकानात जाऊन आरशासमोर हात हलवून पाहिला. रांगेतले सगळे हात हलले. तरी माझं मन मानेना. गोड बोलणाऱ्यांचा मला भारी संशय.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंचा हात एका जागी थांबला. स्क्रीनवर उभे झोत, पार तळापर्यंत, श्वासाबरोबर सरकणारे. कशाला मेलं ते समजून घेतलं मी!

"अहो, काय दिसतंय?" हिने पाठमोरीच विचारलं.

डॉक्टरबाई काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "त्याच. आडव्या."

"मग बॅग भरू ना?"

"भर की."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर चुकवली, टॉवेल घेतला आणि हिच्या पाठीवरचा जेल पुसू लागलो, गिऱ्हाईकाची मान पुसतो तसा. ही काही वळली नाही.

"हळू पुसा," ती म्हणाली. "आणि लेकीला फोन मीच करीन. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."