नईमचा भुसा आणि बसव्वाचा आड

नईमच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं, ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. भवानी पेठेतल्या एका बोळात पत्र्याची खोली, आत निकेलचा मुलामा द्यायची एक टाकी, माल धुवायच्या दोन टाक्या आणि पॉलिशचं चाक. बिजागऱ्या, कड्या, देवघरातल्या घंटा काळ्याकुट्ट येत आणि लखलखीत होऊन जात. अब्बांनी घालून दिलेला धंदा. त्यावर घर चालायचं, लेकीचं, सनाचं कॉलेज चालायचं. माल धुतलेलं हिरवट पाणी मागच्या गटारात जायचं. पुढं ते कुठं जातं हे अब्बांनी कधी विचारलं नाही आणि नईमनंही नाही.

मग कुणीतरी अर्ज दिला. प्रदूषण खात्याचे साहेब आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले आणि मागोमाग नोटीस आली. पाण्यात निकेल मर्यादेच्या कितीतरी वर आहे, महिन्याभरात उपाय करा, नाहीतर वीज तोडली जाईल. नईमनं अर्ज देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोटावर पाय आला की माणूस शिव्याच देणार, ओव्या थोड्याच गाणार!

पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. त्याच्या भिंतीला लागून बसव्वाचं घर होतं आणि तिच्या अंगणात आड होता. नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या त्या बोळात म्हातारीचं सगळं त्या आडावर चालायचं. आडाच्या पाण्याला कसलीतरी चव लागतेय, असं ती वर्षभर सांगत होती. नईम मान हलवायचा आणि विषय बदलायचा.

मोठं यंत्र घ्यायची त्याची ऐपत नव्हती. शेवटी सनानं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडमना कारखान्यात आणलं. मॅडम टाक्या बघायच्या सोडून कोपऱ्यातल्या लाकडाच्या भुशाकडे बघत उभ्या राहिल्या.

"हा कशाला ठेवलाय?"

"माल वाळवायला, मॅडम. ओली बिजागरी भुशात घोळवली की डाग पडत न्हाय."

मॅडम हसल्या. "मग औषध घरातच आहे की तुमच्या. निकेल भुशाला चिकटतं. तीन पिंपं एकापाठोपाठ लावा, त्यांत भुसा भरा आणि पाणी सावकाश त्यातून गाळा. बघा तरी काय होतं ते."

नईमला ही थट्टाच वाटली. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणून तो जोतीरामच्या लाकडाच्या वखारीत गेला. जोतीरामनं बाभळीच्या भुशाची चार पोती स्वतः रिक्षात चढवून दिली आणि वर "आजून लागला तर सांग" म्हणाला. पिंपांना तोट्या बसल्या, आत जाळी, जाळीवर ठासून भुसा. नईमनं बिस्मिल्ला म्हणून पाणी सोडलं.

शेवटच्या तोटीतून पाणी आलं ते कोऱ्या चहासारखं तांबडं.

नईम मटकन पायरीवर बसला. हिरवं होतं ते लाल झालं, आता साहेबांना काय दाखवायचं? मुदतीचे आठच दिवस उरले होते. मॅडमचा फोन लागेना. इतका मोठा बाप्या, पण त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारात बसव्वा उभी राहिली. "काय रं नईम, असा का बसलास?"

त्यानं नुसतं तोटीकडे बोट केलं. बसव्वानं वाकून ओंजळीत पाणी घेतलं, उजेडात धरलं. "अय्यो, ह्यो तर बाबळीचाच रंग हाय. भुसा धुतला व्हतास का?"

"भुसा कोण धुतंय, अव्वा?"

"तीस वर्सं रंगखान्यात सूत रंगवलं मी. कोरं सूत आदी सोडा घालून उकळायचं, धुवायचं, मग त्ये रंग धरतंय. तसंच टाकलं तर आपला मळ सोडतंय. लाकडाचं येगळं काय आसनार?"

एवढं बोलून ती थांबली नाही. पदर खोचून तिनं आपल्या अंगणात चूल पेटवली, मोठा हंडा चढवला आणि आडातून पाणी शेंदायला लागली.

"हितलं पाणी चालंल?" नईमनं विचारलं.

"प्यायला न्हाय चालत. धुवायला चालतंय की."

ती सहज बोलली, पण नईमला ते लागलं. त्यानं तिच्या हातातला दोर घेतला आणि पुढचे दोन दिवस आडाचं पाणी त्यानंच शेंदलं. सोड्यात उकळलेल्या भुशाचं पहिलं पाणी काळपट निघालं, मग तांबूस, मग पिवळं. सातव्या धुण्याला स्वच्छ निघालं. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "हे मीच सांगायला हवं होतं. विसरले बघा. सोड्यानं धुतलेला भुसा निकेल जास्त धरतो."

पुन्हा पिंपं भरली. या वेळी तोटीतून पाणी आलं ते नितळ. वापरलेला भुसा शेगडीला मागायला बसव्वा आली, तेव्हा नईम धावत आडवा आला. त्यातलं निकेल राखेत उतरेल, त्या राखेनं भांडी घासाल, म्हणत त्यानं तो बंद डब्यात ठेवला. घातक कचऱ्याची गाडी येऊन तो नेणार होती. बसव्वाला त्यानं नवं पोतं दिलं.

साहेबांनी पुन्हा नमुना नेला. अहवाल आला, निकेल मर्यादेच्या आत! नईमनं पेढे आणले. आधी मॅडम, मग जोतीराम, मग बसव्वा, असा बेत होता. अहवाल घेऊन आलेल्या साहेबांनी सहीसाठी फाईल पुढं केली. पान उलटताना खालचा अर्ज दिसला. मजकूर कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेला, खाली सही मात्र कानडीत. बोळात कानडीत सही करणारं माणूस एकच होतं.

नईमचे पाय मॅडमकडे न वळता शेजारी वळले. बसव्वा अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"अव्वा, अर्ज तुमी दिलता?"

"व्हय." तिनं मान वर केली नाही.

"मला सांगायचं की वो."

"वरीसभर काय करत व्हते रं मी? तू मान हालवायचास."

"मग दोन दिवस चुलीपुढं कशापायी बसला माज्यासाटी?"

"अर्ज पाण्यासाटी दिला. तुज्या घरातली चूल इजवायला न्हाय."

नईम तिच्यासमोर खाली बसला. ज्या बाईला त्यानं महिनाभर शिव्या घातल्या, तिनंच त्याचा धंदा वाचवला होता. अर्ज आला नसता तर तो जन्मभर तेच पाणी सोडत राहिला असता, आणि तिच्या आडात ते झिरपत राहिलं असतं. आपल्यावर एवढे उपकार कुणी केले नव्हते, असं त्याला वाटलं आणि त्यानं तसं म्हणूनही टाकलं. बसव्वानं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.

"उपकार राऊ दे. आड आजून तसाच हाय."

"मॅडम म्हणल्या, चार-दोन वर्सं लागत्याल सुदरायला. तवर तुमचं प्यायचं पाणी रोज मी आणून देणार."

"आन इसरलास तर?"

"तर पुन्ना अर्ज द्या, अव्वा," नईम म्हणाला. "मी लिहून देतो. सई तुमी करा."