हीरालालचा डबा

"हात नका लावू, सर," दुर्गेश म्हणाला. पण तोवर परीक्षकांचा अंगठा चित्रावर टेकला होता.

चित्र साधंच होतं. ओट्यावर ठेवलेला अॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा. झाकणाला पोचा आलेला, कडी तुटली म्हणून लुगड्याच्या चिंधीने बांधलेला. गोंदियातल्या त्या चित्रप्रदर्शनात सकाळपासून त्याच्यासमोर गर्दी होती. येणारा-जाणारा मान वाकडी करून पाही आणि म्हणे, "फोटोच आहे बे हा."

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनाही तीच शंका होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्याला लावला.

"तुम्ही काम काय करता?"

दुर्गेश हळूच म्हणाला, "फ्लेक्सच्या दुकानात आहो, सर. डिझाइन करतो."

मागे कुणीतरी हसलं. रविताने नवऱ्याच्या बाहीला हळूच धरलं.

गोंदियाजवळ कुडव्यापासून फुलचूरपर्यंतच्या पाट्या एकेकाळी दुर्गेशच्या हातच्या असत. किराण्याची दुकानं, राइस मिलच्या भिंती, ट्रकांच्या पाठी. मग फ्लेक्स आलं. सकाळी फोटो द्यावा, संध्याकाळी चौकात टांगावा. दुर्गेशचे ब्रश वाळून कडक झाले आणि तो भैयाजींच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. तिथे तो दिवसभर माणसं उजळ करी. पुढाऱ्याच्या गालावरचे डाग पुसायचे, नवरीला गोरं करायचं, वारलेल्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या काढून टाकायच्या. एकदा एक बाई सासऱ्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स न्यायला आली आणि त्यावरच्या फोटोकडे बघत विचारती झाली, "हे कोण होत?"

त्या दिवसापासून त्याच्या मनाने घेतलं, की एक तरी वस्तू जशी आहे तशी काढायची. त्याने बापाचा डबा घेतला. हीरालालने म्हातारपणी घरी बसेपर्यंत तो डबा घेऊन राइस मिलमध्ये पोती उचलली होती. रविवार धरून धरून दुर्गेश रंगवत राहिला. नुसत्या झाकणाने एक अख्खा पावसाळा खाल्ला.

"मागच्या साली अशाच एका चित्राला मी पहिलं बक्षीस दिलं," परीक्षक म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "नंतर कळलं, कॅनव्हासवर छापून वरून ब्रश फिरवला होता. मला पुन्हा माझं हसं करून घ्यायचं नाही. तुमचे मालक आहेत का इथे?"

भैयाजी होतेच. प्रदर्शनाच्या दारावरचा फ्लेक्स त्यांनीच लावून दिला होता. ते गर्दीतून पुढे आले.

"कॅनव्हासवर छपाई होते तुमच्याकडे?"

"होते ना, साहेब. दिवाळीलेच नई मशीन आणली." भैयाजींनी आवाज थोडा चढवला, मागच्यांनाही ऐकू जावा इतका. "कुछ भी छापून देते. असली-नकली समजत नाही माणसाले."

"हे चित्र तिच्यावर निघालंय का?"

दुर्गेशने मालकाकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता. भैयाजींनी चित्राकडे पाहिलं, भोवती जमलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि रुमालाने मान पुसली.

"आता मी कसा सांगू, साहेब? दुकान खुलं राहते. चाबी याच्याजवळ पण राहते."

दुर्गेशच्या कानशिलातून गरम काहीतरी गेलं.

"एकच उपाय आहे," परीक्षक म्हणाले. "खरवडून पाहावं लागेल. छपाई असेल तर लगेच कापड दिसेल."

"कोपऱ्यातून पाहा, सर."

"कोपऱ्यात छापणारेही रंग थापतात. मधून पाहावं लागेल. तुमची तयारी नसेल तर राहू द्या. मी चित्र स्पर्धेतून काढून टाकतो."

"घरी चला," रविता खालच्या आवाजात म्हणाली. "कायले दाखवाचं यायले? उतरवा अन् चला."

उतरवता आलं असतं. पण मग आयुष्यभर गोंदियात तो डबा मशीनचाच राहिला असता. परीक्षकांनी खिशातून लहानसा चाकू काढला. दुर्गेशने हात पुढे केला.

"द्या. मीच करतो."

त्याने झाकणावरच्या पोच्यापाशी पातं टेकवलं. तिथेच खिडकीचा उजेड वळत होता. ते वळण त्याला कितीतरी दिवस साधलं नव्हतं. पातं ओढलं. वरचा चंदेरी पापुद्रा उडाला. खाली राखाडी, त्याखाली मातकट तपकिरी.

"बस, कळलं," परीक्षक म्हणाले.

दुर्गेश थांबला नाही. पांढरं अस्तर आलं, आणि त्यावर त्याने सुरुवातीला आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा. त्या दिसल्या तेव्हाच त्याने चाकू परत केला. बोटांना चिकटलेला रंग त्याने पँटीला पुसला नाही. तसाच मुठीत धरून उभा राहिला.

"माफ करा," परीक्षक म्हणाले. पहिलं बक्षीस तिथेच जाहीर झालं.

सर्वांत आधी टाळी भैयाजींनी वाजवली. "अपना आदमी आहे," ते शेजारच्याला म्हणाले. मग जवळ येऊन, "सोमवारी घेऊन ये दुकानात. स्कॅन करू. झाकणावरची खरोच कॉम्प्युटरवर भरून टाकशील तू. मस्त कॉपी निघतीन."

"नाही, भैयाजी," दुर्गेश म्हणाला. "मी येईन. चित्र नाही येणार."

सोमवारी तो कामावर गेलाही. घर चालवायचं होतं.

पण त्याआधी, प्रदर्शनाच्याच संध्याकाळी चित्र घरी आलं तेव्हा हीरालाल अंगणात खाटेवर बसला होता. त्याने ते मांडीवर घेतलं, गमछ्याने पुसलं. चिंधीची गाठ पाहून त्याचा चेहरा निवला. ती गाठ दुर्गेशच्या आईच्या हातची होती. मग त्याचं बोट झाकणावर थांबलं.

"हे माह्या डब्याले नव्हतं."

"नव्हतं, बाबूजी."

"मंग काऊन काढलंस?"

"लोकायले पाहाचं होतं," दुर्गेश म्हणाला. "खरं आहे का म्हणून."

म्हाताऱ्याने मान हलवली. "दिसलं का मंग त्यायले?"

दुर्गेश बापाशेजारी खाटेवर टेकला. रविताने आतून जेवायला हाक मारली, पण दोघांपैकी कुणीच उठलं नाही. म्हातारा त्या ओरखड्यावरून गमछा फिरवत होता, हळूहळू, जणू तो पुसून निघणार होता.