सात बापांची नावं

नावं पाठ करायची भीती आशिरबेकला उभ्या जन्मात वाटली नव्हती. किझिलोर्दाच्या नाटकमंडळीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, चार अंकी नाटक आठवड्यात घोटून मोकळा होणारा. पण आज सिर नदीकाठच्या गावाकडे जीप निघाली, तशी त्याने खिशातली चिठ्ठी चार वेळा काढली नि चार वेळा ठेवली. चिठ्ठीवर सातच नावं होती.

मामला पोराच्या सोयरिकीचा होता. दाउरेनने मोल्दिर पसंत केली होती. मुलगी गुणाची, माणसं सरळ. पण तिचे आजोबा एसिर्केप जुन्या वळणाचे. मुलाच्या बापाने आपले सात बाप ओळीने सांगायचे, त्यात मुलीकडचं एकही नाव निघता कामा नये, मगच होकार. सात पिढ्यांच्या आतलं रक्त पुन्हा एकत्र आणणं हे आपल्याकडे पापच. आणि आशिरबेक वाढला अराल्स्कच्या अनाथाश्रमात. त्याच्या कागदावर बापाचं नाव होतं, इस्काक. त्याच्या मागचं सगळं कोरं.

मग नाटकमंडळीच्या प्रॉम्प्टरने सहा बरी नावं जुळवून दिली. बायको बालझान तर खूशच झाली.

"अहो, लोक चौदा-चौदा पिढ्या थापा मारतात. तुमच्या सहाच आहेत."

"आणि पोरं खरंच एका रक्ताची निघाली तर?"

"अराल्स्क कुठं नि हे गाव कुठं! उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

घोर लागलेलाच होता. खोटं बोलून पोराचं घर बसवायचं, की खरं बोलून मोडायचं?

घरात स्वागत झालं, चहा आला. मोल्दिरची आई मात्र पेला देताना त्याच्याकडे सारखी तिरकी बघत होती. त्यात तिचा दोष नव्हता. रंगभूमीवर तो सेनापती व्हायचा, पण सिनेमावाल्यांना त्याचं तोंड दिसलं की फितूरच सुचायचा. गेल्याच महिन्यात टीव्हीवर त्याने अख्खं गाव शत्रूला विकलं होतं. बाजारातल्या बायकासुद्धा त्याला सुनावायच्या.

शेवटी एसिर्केप आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. शहात्तर वर्षांचा माणूस, आवाज खणखणीत. "हं, पाव्हणं. सांगा बघू तुमचे सात बाप."

आशिरबेक उठून उभा राहिला. खरं तर बसूनही चाललं असतं, पण नटाला कोण सांगणार. "माझे वडील इस्काक," त्याने सुरुवात केली. "त्यांचे वडील नुरपेइस. त्यांचे वडील साग्रिन..."

साग्रिन हे नाव प्रॉम्प्टरने नेमकं त्या सेनापतीच्या नाटकातल्या वंशावळीच्या भाषणातून उचललेलं, आणि तिथेच घात झाला. बावीस वर्षांची सवय ती! साग्रिन म्हटल्याबरोबर जीभ आपल्या रस्त्याने सुसाट सुटली. आवाज चढला, छाती पुढे आली. "साग्रिनचा पिता बोगेनबाय, ज्याच्या घोड्याने सात नद्या ओलांडल्या! त्याचा पिता तोलेपबेर्गेन..." हात कमरेकडे गेला. कमरेला काहीच नव्हतं. तेव्हा कुठे त्याला कळलं आपण काय बरळतोय ते, आणि तो जागच्या जागी थिजला.

बालझानने डोळे मिटून घेतले.

"सातवा बायगोझी," आजोबा शांतपणे म्हणाले. "त्यानंतर तुम्ही तलवार उपसता. आमच्या मेंढ्यांच्या तळावर एक्याऐंशी साली हे नाटक केलं होतंत, ट्रकवर. वारा सुटला नि तुमची मिशी उडाली. आता स्वतःचे सांगा."

आशिरबेक मटकन खाली बसला. चिठ्ठी काढून त्याने आजोबांपुढे ठेवली. "हे सगळं रचलेलं आहे, आजोबा. अनाथाश्रमात वाढलो. इस्काक एवढंच माहीत आहे. मी तुमच्यातलाच असेन तर तेही मला ठाऊक नाही."

दाराशी उभ्या दाउरेनचा चेहरा पांढराफटक पडला. आशिरबेकला वाटलं, संपलं. पोराचा संसार आपण आपल्या तोंडाने मोडला.

आजोबांनी चिठ्ठी वाचलीच नाही. "तू आमच्यातला नव्हेस," ते म्हणाले. ते अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आले होते. "आमच्यात कुणी पोर टाकलेलं नाही."

"आणि उपासमारीच्या वर्षी?" मोल्दिरच्या आजी मधेच म्हणाल्या. "याचा बाप तेव्हाच हरवलेला असेल तर? तेव्हा कोण मोजत बसलं होतं?"

"मी मोजत होतो! दहा वर्षांचा होतो. आई रोज संध्याकाळी सगळ्या भाऊबंदांची पोरं ओळीत उभी करायची नि मला मोजायला लावायची. मी आकडे तसेच शिकलो. एकोणीस होतो. अकरा गेली. ती अकराही आम्ही आमच्या हातांनी पुरली. हरवलं एकही नाही, कुणाच्या दारात सोडलं नाही. पुढे लढाईवर गेले त्यांचीही पोरं आम्हीच वाढवली." आजोबांनी आशिरबेककडे पाहिलं. "तू आमचा असतास तर आमच्या घरात वाढला असतास. झालं तर मग."

आशिरबेकला हे ऐकून आधी बोचलं, अगदी आत, जिथे तो अनाथाश्रमातला पोरगा अजून बसलेला होता. आणि मग एकदम छातीवरची धोंड उतरली. पोरं सुटली होती. खरंखुरं, चिठ्ठीशिवाय सुटली होती.

आजोबांनी दाउरेनला पुढे बोलावलं. "तू सांग. कुणाचा?"

"आशिरबेकचा."

"तो?"

"इस्काकचा."

"पुढे?"

दाउरेनने बापाकडे पाहिलं, पण बापाने मान वर केली नाही. "पुढे माहीत नाही, आजोबा."

"हं. तुझ्या पोराला असंच शिकव. जेवढं खरं तेवढंच. बाकीची जागा त्याच्या आईकडचे बाप भरतील, सातही माझ्याकडे तयार आहेत." आजोबा आतल्या बाजूला वळून ओरडले, "अगं, कलेजी आणा की! थंड करून घालणार काय व्याह्यांना?"

कलेजी आणि मेंढीच्या शेपटीची चरबी दह्यात घोळून व्याह्यांनी एकमेकांना भरवली की सोयरीक पक्की. ताट मोल्दिरच्या आईनेच आणलं. एवढा मोठा घास केला की गाव विकणाऱ्याच्या तोंडात मावेना, आणि उरलेलं दही मुद्दाम त्याच्या गालांना फासलं. बायका खो खो हसल्या. आशिरबेक तोंड भरल्या भरल्या रडत होता. दह्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्याला आता त्याची फिकीर नव्हती.